लोकशाही, विकसनशील समाजांतील

लोकशाही, विकसनशील समाजांतील : वसाहतवादी राजवटीतून मुक्त झालेल्या किंवा औद्योगिकीकरणाच्या प्रारंभीच्या अवस्थेत असलेल्या देशांतील लोकशाही शासनपद्धती आणि तेथील जात, जमात, भाषा, धर्म, भूधारणा, शिक्षण, कुटुंबसंस्था इ. सामाजिक शक्ती यांच्या परस्परसंबंधांचा विचार या विषयात केला जातो. पश्चिम यूरोपातील लोकशाहीचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. ग्रेट ब्रिटनमध्ये १८३२ च्या सुधारणा कायद्यापासून सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना समान मताधिकार मिळेपर्यंत (१९२८) सुमारे शंभर वर्षे लोटली आणि त्या अवधीत औद्योगिक क्रांती, सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण, कामगार संघटना व संघटित राजकीय पक्ष यांनी समाजाचा चेहरा पालटून टाकला. विकसनशील देशांत हा क्रम उलटा झाला. तेथे प्रौढ मताधिकार आधी आला. कारखाने, शाळा व संघटना मागाहून आल्या, काही ठिकाणी अद्यापि पुरेशा आलेल्या नाहीत. परिणामतः लोकशाहीच्या नव्या चौकटीत जुन्याच समाजाला प्रवेश करावा लागला.

या क्रमविपर्यासाचा परिणाम काय होईल, याविषयी समाजशास्त्रज्ञांत मतभेद होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सीमूर मार्टिन लिप्सेट (१९२२–२००६) यांनी १९५९ मध्ये आर्थिक विकास व स्थिर लोकशाही यांचा निकटचा संबंध असल्याचे प्रतिपादन केले. उत्पन्न, साक्षरता, नागरीकरण व उद्योग यांत पुढे असलेल्या देशांत लोकशाही टिकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. बॅरिंग्टन मूर (१९१३–२००५) यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जमीनदार आणि शेतकरी यांच्या संबंधांवर भर दिला आणि समर्थ मध्यमवर्गाशिवाय लोकशाही संभवत नाही, असे मत मांडले. भारताचे उदाहरण मात्र मूर यांनाही आपल्या सिद्धांतात सहजासहजी बसविता आले नाही. दारिद्र्य, निरक्षरता आणि उतरंडीची समाजरचना ही तिन्ही असताना तेथे निवडणुका नियमाने होत राहिल्या. म्हणूनच या विषयाचे विवेचन भारतापासून सुरू करणे सोयीचे ठरते.

भारतातील प्रारंभ : १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ मध्ये झालेल्या प्रांतिक निवडणुकांत मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण इ. निकषांवर आधारलेला होता व मतदारांची संख्या सुमारे ३ कोटी होती. संविधानाने ही बंधने काढून टाकली. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले. त्या वेळी (१९५१ ची जनगणना) देशातील साक्षरतेचे प्रमाण १८·३३ टक्के व स्त्रियांमधील प्रमाण ९ टक्क्यांहूनही कमी होते. निरक्षर मतदाराला उमेदवार ओळखता यावा म्हणून चिन्हांची योजना करण्यात आली आणि पहिल्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकावयाची, इतकी ती पद्धत सोपी होती.

परंतु निरक्षरतेपेक्षाही अवघड अडचण निराळ्याच ठिकाणी उद्‌भवली. मतदारयाद्या तयार करताना उत्तर व मध्य भारतातील असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगण्यास नकार दिला. ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद त्या करू देत. परपुरुषापुढे स्वतःचे नाव उच्चारणे शिष्टाचारात बसत नव्हते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य न धरण्याचा निर्णय घेतला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून वगळली गेली. हा निर्णय कठोर होता, तथापि तो योग्यच होता असे म्हणावे लागते. कारण मत हे कुटुंबाचे नसून व्यक्तीचे असते, हे तत्त्व त्यामुळे पहिल्याच निवडणुकीत प्रस्थापित झाले. पुढील निवडणुकीपर्यंत यांपैकी पुष्कळ नावे रीतसर नोंदली गेली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचे मतदान सुमारे ६३ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ४७ टक्के होते. २०१९ मध्ये हे अंतर नाहीसे होऊन स्त्रियांचे प्रमाण किंचित अधिक भरले.

साक्षरता ही लोकशाहीची पूर्वअट मानणाऱ्यांना मार्च १९७७ च्या निवडणुकीने पेचात टाकले. जून १९७५ मध्ये पुकारलेल्या आणीबाणीनंतर झालेल्या या निवडणुकीत उत्तर प्रदेशातील ८५ व बिहारमधील ५४ या सर्व जागा सत्ताधारी काँग्रेस पक्षाने गमावल्या. ही दोन्ही राज्ये साक्षरतेत मागासलेली गणली जात. याउलट, साक्षरतेत अग्रेसर असलेल्या केरळमध्ये काँग्रेसप्रणीत आघाडीनेच विजय मिळविला. सक्तीच्या नसबंदीसारख्या उपायांची झळ उत्तरेत अधिक बसली होती, हे याचे एक प्रमुख कारण होय. मतदार आपल्या अनुभवावरून निर्णय करतो आणि त्या अनुभवासाठी अक्षरओळख आवश्यक असतेच असे नाही.

जात व मतदान : भारतीय लोकशाहीवर सर्वांत खोल ठसा उमटविणारी सामाजिक शक्ती म्हणजे जात [⟶ जातिसंस्था]. म्हैसूरजवळच्या रामपुरा या गावाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एम्. एन्. श्रीनिवास (१९१६–९९) यांनी ‘प्रभुत्वशाली जात’ ही संकल्पना मांडली. संख्याबळ, जमिनीची मालकी आणि जातींच्या उतरंडीत फारसे खालचे नसलेले स्थान ही तिची लक्षणे होत. ‘मतपेढी’ ही संज्ञाही त्यांच्याच लेखनातून रूढ झाली. मूळ अर्थाने मतपेढी म्हणजे गावातील एखाद्या आश्रयदात्याच्या शब्दावर पडणारी मते: कुळे, कर्जदार, आश्रित यांची. पुढे या संज्ञेचा अर्थ पालटला आणि एखादी संबंध जात किंवा धर्मसमूह एकगठ्ठा मते देतो, अशा आरोपासाठी ती वापरली जाऊ लागली. या दोन अर्थांत महत्त्वाचा भेद आहे. पहिल्यात मत वरच्याच्या दडपणाने मिळते; दुसऱ्यात समान स्थितीतील लोक एकत्र येऊन ते देतात. पहिला प्रकार लोकशाहीचा संकोच करतो. दुसऱ्याविषयी तसे सरसकट म्हणता येत नाही.

रजनी कोठारी (१९२८–२०१५) यांनी १९७० मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात हाच मुद्दा वेगळ्या रीतीने मांडला. राजकारणात जातीयता शिरली असे म्हणण्यापेक्षा जातींचे राजकीयीकरण झाले असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. निवडणुकीत बहुमत लागते आणि एकट्या जातीला ते क्वचितच मिळते. त्यामुळे जातींना इतरांशी हातमिळवणी करावी लागते आणि तसे करताना त्यांचे स्वरूप पालटते. गुजरातमधील क्षत्रिय सभेने राजपुतांबरोबर कोळी समाजातील बारियांनाही क्षत्रिय म्हणून सामावून घेतले. रोटीबेटीव्यवहाराच्या जुन्या नियमांनुसार हे अशक्य होते. मतांच्या गणिताने ते शक्य झाले. तमिळनाडूत एकेकाळी अस्पृश्यवत मानल्या गेलेल्या नाडरांनी नाडर महाजन संगमच्या (स्थापना १९१०) द्वारा शाळा, पतसंस्था आणि राजकीय वजन या तिन्ही गोष्टी मिळविल्या.

या प्रक्रियेची दुसरी बाजू दलितांच्या संदर्भात प्रकर्षाने दिसते. पुणे करारान्वये (१९३२) स्वतंत्र मतदारसंघांची मागणी मागे पडून संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ठेवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली व संविधानातही तीच कायम राहिली. राखीव जागेवरील उमेदवार अनुसूचित जातीचा असला, तरी त्याला निवडणाऱ्या मतदारांत इतर जातींचेच बहुमत असते. १९५२ मध्ये मुंबईतील द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेसाठी उभे असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले आणि १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. संविधानाच्या शिल्पकाराला लोकसभेत जाता येऊ नये, ही घटना या निवडणूकपद्धतीच्या मर्यादा पुरेशी दाखवून देते. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात त्यांनी राजकीय जीवनातील समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनातील विषमता यांमधील विसंगतीकडे लक्ष वेधले होते व ती दूर न केल्यास विषमतेने पीडलेले लोकच लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, असा इशारा दिला होता. बहुजन समाज पक्षाची स्थापना (१९८४) व मंडल आयोगाच्या (१९७९–८०) शिफारशींची १९९० नंतरची अंमलबजावणी यांमुळे संसद व विधिमंडळे यांची सामाजिक रचना पुष्कळ पालटली; त्या विसंगतीच्या आर्थिक अंगाला मात्र तितकासा धक्का लागला नाही.

भूधारणा : मत गुप्त असले, तरी मतदाराचे पोट ज्याच्या हाती आहे त्याचे दडपण गुप्त मतदानाने आपोआप नाहीसे होत नाही. चिलीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथे १९५८ पर्यंत मतपत्रिका पक्षच छापून देत असत. त्यामुळे आपल्या शेतावरील कुळांनी कोणती पत्रिका पेटीत टाकली, हे जमीनदाराला सहज कळे. १९५८ मध्ये शासनाने छापलेली एकच अधिकृत मतपत्रिका सुरू झाली आणि ग्रामीण भागांतील परंपरानिष्ठ पक्षांचे बळ घटू लागले. ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकारच नव्हता. तो त्यांना १९८५ मध्ये मिळाला, म्हणजे भारतातील निरक्षरानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी.

भारतात जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यांनी १९५० नंतरच्या दशकात मोठे मध्यस्थ दूर केले. त्याचा लाभ प्रामुख्याने मध्यम शेतकरी जातींना झाला; भूमिहीन मजुरांच्या पदरात फार थोडे पडले. केरळमध्ये १ जानेवारी १९७० पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने कूळपद्धती नष्ट केली व राहत्या झोपडीच्या जागेवर मजुराचा हक्क प्रस्थापित केला. मालकाने झोपडीतून हुसकावून लावण्याची भीती संपल्याने तेथील मजुराच्या मताला स्वातंत्र्य आले.

पाकिस्तानच्या दोन विभागांची तुलना या बाबतीत विशेष बोधप्रद आहे. पंजाब व सिंध येथील मोठे जमीनदार, बिरादरीचे प्रमुख आणि दर्ग्यांचे वंशपरंपरागत पीर यांचे वर्चस्व फाळणीपूर्वीपासून होते. अयूबखान यांच्या १९५९ च्या जमीनसुधारणांत व्यक्तीमागे ५०० एकर बागायती अथवा १,००० एकर जिरायती अशी इतकी उदार कमाल मर्यादा होती, की या वर्चस्वाला तिचा फारसा उपद्रव झाला नाही. पूर्व बंगालमध्ये मात्र १९५० च्या कायद्याने जमीनदारी नष्ट झाली. तेथील जमीनदार बहुतांशी हिंदू असल्याने तिला राजकीय विरोधही थोडाच झाला. लहान शेतकरी व त्यांची शिकलेली मुले राजकारणात आली आणि १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांनी मुस्लिम लीगचा दारुण पराभव केला. १९७० मध्ये राष्ट्रीय पातळीवर प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली, तेव्हा अवामी लीगने पूर्वेतील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या. पश्चिमेतील लष्कर, नोकरशाही व जमीनदार यांना हा निकाल मानवला नाही. त्याची परिणती १९७१ च्या युद्धात व बांगला देशाच्या निर्मितीत झाली.

महाराष्ट्र : महाराष्ट्रात जात, जमीन व सहकार या तिन्ही शक्तींचा एकत्र आविष्कार दिसतो. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजापासून (१८७३) निघालेला ब्राह्मणेतर चळवळीचा प्रवाह केशवराव जेधे (१८९६–१९५९) प्रभृतींच्या नेतृत्वाखाली १९३० नंतर काँग्रेसमध्ये मिसळला आणि ग्रामीण भागातील मराठा-कुणबी समाज सत्तेच्या केंद्रस्थानी आला. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ (१९०१–७१) यांच्या प्रयत्नांनी उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना आणि १ मे १९६२ पासून अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा यांनी या सत्तेला संस्थात्मक पाया मिळवून दिला [⟶ पंचायत राज्य, सहकार]. एका सभासदाला एक मत या सहकाराच्या नियमामुळे दोन एकरांचा धनी आणि पन्नास एकरांचा बागायतदार मतपेटीपुढे सारखे ठरले. शेतकऱ्यांच्या एका पिढीने सभा चालविणे, ताळेबंद वाचणे आणि अधिकाऱ्याला जाब विचारणे यांचे शिक्षण येथेच घेतले, हे मान्य केले पाहिजे.

तथापि याच व्यवस्थेत नव्या मक्तेदारीची बीजे होती. ऊस तोडल्यावर त्वरित गाळावा लागतो व तोडणीचा क्रम कारखाना ठरवितो. त्यामुळे संचालक मंडळाचा रोष ओढवून घेणे लहान सभासदाला परवडत नाही. कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि विधानसभेची जागा एकाच घराण्याकडे एकवटल्याची उदाहरणे राज्यात अनेक आहेत. ज्यांच्या श्रमावर हा उद्योग उभा आहे ते ऊसतोडणी कामगार तर या लोकशाहीच्या बाहेरच राहतात. बीड व आसपासच्या कोरडवाहू भागांतून हंगामात कोयते घेऊन बाहेर पडणाऱ्या या कुटुंबांना कारखान्याचे सभासदत्व नसते आणि निवडणूक हंगामात आली, तर गावच्या यादीतील त्यांचे नाव निरुपयोगी ठरते.

पंचायतींतील स्त्रियांच्या आरक्षणाचा अनुभवही असाच संमिश्र आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९३ पासून अंमलात) एक तृतीयांश व महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या. अनेक गावांत प्रारंभी पतीच कारभार पाहत असे. ‘सरपंचपती’ हा शब्द त्यातूनच प्रचारात आला. तरीही पाणी, शाळा व दारूबंदी यांसारखे प्रश्न ग्रामसभेपुढे आणण्याचे श्रेय पुष्कळदा या स्त्री-प्रतिनिधींना द्यावे लागते.

भाषा, धर्म व जमात : संख्याधिष्ठित राजकारण आणि कायमस्वरूपी बहुसंख्याक समूह एकत्र आले, तर लोकशाहीच अन्यायाचे साधन बनू शकते. श्रीलंका (तत्कालीन सिलोन) हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे प्रौढ मताधिकार १९३१ मध्येच आला. साक्षरता व आरोग्य यांतही हा देश शेजाऱ्यांच्या पुढे होता. लिप्सेट यांच्या निकषांनुसार दक्षिण आशियात लोकशाहीची सर्वाधिक आशा येथेच होती. परंतु स्वातंत्र्य मिळताच १९४८ चा नागरिकत्व कायदा व त्यापाठोपाठचे मताधिकारविषयक कायदे यांनी चहामळ्यांतील भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचा मताधिकार हिरावून घेतला. १९४७ च्या निवडणुकीत याच मजुरांच्या बळावर सिलोन इंडियन काँग्रेसचे सात प्रतिनिधी संसदेत गेले होते. डोंगराळ प्रदेशातील जागा त्यामुळे सिंहली मतदारांच्या हाती गेल्या. १९५६ च्या निवडणुकीत सॉलोमन बंदरनायके यांनी केवळ सिंहली हीच राजभाषा करण्याचे आश्वासन दिले व सत्तेवर येताच तसा कायदा केला. त्यांनी तमिळ नेत्यांशी तडजोडीचा प्रयत्न केला, तेव्हा भिक्षूंच्या विरोधामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. दोन प्रमुख सिंहली पक्षांपैकी एकाने तमिळांना काही देऊ केले, की दुसऱ्याने त्याला देशद्रोह ठरवावे, हा क्रम पुढे चालू राहिला आणि त्याचा शेवट १९८३ ते २००९ या काळातील यादवी युद्धात झाला. निवडणुका मात्र या सर्व काळात बंद पडल्या नाहीत.

भारताने भाषेचा प्रश्न भाषावार प्रांतरचनेने (१९५६) व हिंदीबरोबर इंग्रजीचा वापर चालू ठेवून हाताळला. १९६५ मधील तमिळनाडूतील हिंदीविरोधी आंदोलन उग्र होते. परंतु तेथील प्रादेशिक पक्षाला १९६७ मध्ये निवडणुकीने राज्याची सत्ता मिळाली व अलगतेची भाषा मागे पडली. एकच बहुसंख्याक गट संपूर्ण देशावर कायमचा प्रभाव पाडू शकणार नाही, इतकी जातींची, भाषांची व प्रदेशांची गुंतागुंत भारतात आहे, हाही या यशाचा एक भाग आहे. सर्व श्रेय राज्यकर्त्यांच्या शहाणपणाला देणे उचित होणार नाही. धर्माच्या आधारे असे एकसंध बहुमत उभे करण्याचे प्रयत्न म्हणूनच या व्यवस्थेच्या मर्मावर आघात करणारे ठरतात.

आफ्रिकेत नायजेरियाचे पहिले प्रजासत्ताक हौसा-फुलानी, योरुबा व इग्बो या तीन मोठ्या समूहांच्या प्रादेशिक पक्षांच्या संघर्षात १९६६ मध्ये कोसळले व बिआफ्राचे युद्ध (१९६७–७०) झाले. १९७९ च्या संविधानाने मग अशी तरतूद केली, की अध्यक्षपदाच्या उमेदवाराला एकूण मतांत आघाडी मिळून भागणार नाही. किमान दोनतृतीयांश घटक राज्यांत प्रत्येकी एकचतुर्थांश मते मिळविली पाहिजेत. समाजातील फूट संविधानाने मिटत नाही. पण त्या फुटीवर स्वार होऊन सत्तेवर येण्याचा मार्ग तरी अशा योजनेने अवघड होतो. बोट्‌स्वानाने पारंपरिक संस्थांनाच हाताशी धरले. ‘क्गोट्‌ला’ या गावसभेत मुखियासमोर सार्वजनिक प्रश्नांची उघड चर्चा करण्याची तेथील प्रथा जुनी होती. १९६६ मधील स्वातंत्र्यानंतर शासनानेही आपली धोरणे तेथे मांडण्याचा परिपाठ ठेवला. हिऱ्यांच्या खाणींचे उत्पन्न राज्याच्या ताब्यात राहिले व निवडणुका नियमाने झाल्या. तरी सत्तांतर होण्यास २०२४ साल उजाडावे लागले आणि जुन्या सभेत स्त्रिया व पूर्वीचे दास समूह यांचा आवाज क्षीणच होता, हे विसरता येत नाही.

मतदानयंत्र व वस्तीचे मत : सामाजिक दडपण आणि मतदानाची कार्यपद्धती यांचा संबंध अद्यापि संपलेला नाही. मतपत्रिकांच्या काळात, जेथे दडपणाची भीती असेल तेथे निरनिराळ्या केंद्रांवरील पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद भारतीय निवडणूक नियमांत होती. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत मतदानयंत्रे वापरली गेली. यंत्रातून प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्रपणे कळतो. ग्रामीण भागात एका केंद्रावर अनेकदा एखादी वाडी, तांडा किंवा दलित वस्तीच मतदान करते. व्यक्तीचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही. आणि कोणत्या वस्तीने विरोधात मत दिले, हे निकालाच्या दुसऱ्या दिवशी गावात ठाऊक असते. अनेक यंत्रांतील मते एकत्र करून एकूण बेरीज दाखविणारे उपकरण वापरण्याची शिफारस निवडणूक आयोगाने केली होती. केंद्र शासनाने ती स्वीकारली नाही.